अठ्ठावन्न संध्याकाळी

१

गाठ माझी नव्हती.

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी कपाटातून कुंभारी गावचं गाठोडं काढलं, दोऱ्याच्या शेपटाला जरा बोट लागलं आणि गाठ एका हिसक्यात सुटली. माझी गाठ अशी सुटत नाही. माझे वडील यंत्रमागावर होते. तुटलेला धागा जोडायची गाठ त्यांनी मला अक्षरांच्याही आधी शिकवली. लहान, चपटी, फणीतून जाताना न अडकणारी. ती सोडवायला नख लागतं आणि थोडी सबुरी.

गाठोड्यात वही होती, पण कुंभारीची नव्हती. तेवढ्याच जाडीची, तीन वर्षांपूर्वीची, भलत्याच गावची. म्हणजे कोणीतरी शांतपणे बसून वही काढली होती, जागा भरली होती आणि गाठ पुन्हा मारली होती.

मी भुवनेश्वरी. स्वच्छ विजेच्या धोरणावर काम करणाऱ्या एका संस्थेत सोलापूरच्या कार्यक्रमाची प्रमुख. प्रमुख म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं टेबल येतं. आमच्या शुक्रवार पेठेत एका किराणा दुकानावर दोन खोल्या आहेत, मला धरून चार माणसं आहेत, आणि टेबलाचा एक पाय विटेवर आहे. जिल्ह्यात सूर्यापासून दिवसा होणारी वीज बॅटरीत साठवून संध्याकाळी वस्त्यांना द्यायची योजना येत होती. पहिल्या टप्प्यात तीनच वस्त्या. ज्यांची वीज संध्याकाळी सगळ्यात जास्त वेळा जाते, त्या. ते सिद्ध करायची सुनावणी बुधवारी अकराला होती, आणि नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं की मूळ वही समोर ठेवल्याशिवाय एकही नोंद धरली जाणार नाही.

कुंभारीच्या कामगार वसाहतीची वही वर्षभर भरत आली होती. पद्धत साधी. वीज गेली की तिथल्या बारा घरांपैकी कोणीही आमच्या ऑफिसच्या फोनला मिस्डकॉल द्यायचा. आम्ही उलट फोन करायचा, वेळ विचारायची, वहीत लिहायची आणि सही करायची. एका घराने कळवलं तरी वस्तीत वीज गेली असं आम्ही धरायचो. सोमवार ते शनिवार संध्याकाळी फोनवर मी बसायचे. बाकीच्यांना घरी जायची घाई असते. साखर पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत आई गेल्यापासून दिवासुद्धा मलाच लावावा लागतो, तेव्हा उशीर झाला म्हणून कोणाचं काही अडत नाही.

सगळ्यात जास्त मिस्डकॉल लालबीचे. सत्तरीची बाई, एकटी. वेळ सांगायला दहा सेकंद लागायचे आणि बोलणं वीस मिनिटं चालायचं. "जेवलीस का बेटी?" हे मला दुसरं कोणी विचारत नव्हतं. तिच्या मागे भिंतीवरचं घड्याळ कट-कट करत असायचं. कधी ते ऐकू यायचं, कधी नाही. सेल संपत आले असतील, असं मी धरून चालले.

कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात असते. ते माहीत असलेली माणसं तीन, आणि तिन्ही बाहेरच्या खोलीत बसून चहाची वाट बघत होती.

२

पहिला मोईन. तो आकडे सांभाळतो. मागच्या आठवड्यात प्रिंटरवर मला त्याचं एक पत्र दिसलं होतं, पुण्याच्या डिझेल जनरेटर विकणाऱ्या कंपनीचं. जनरेटर विकणाऱ्यांना आमच्या वह्या गेल्याचं दुःख झालं नसतं.

"मॅडम, मी वही घेऊन काय करू? लोणचं घालू?"

"नोकरीचं पत्र आलंय तुला."

त्याने चष्मा काढला. मग म्हणाला, "आलंय. नाही म्हणून कळवलंपण, शुक्रवारी. अम्मीला अजून सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका." चष्मा पुसत तो पुढे म्हणाला, "आणि एक बघा. वहीतलं सगळं मी कॉम्प्युटरवर चढवलंय. माहिती नष्ट करायची असती तर आधी कॉम्प्युटर फोडला असता. फक्त मूळ वही गेली. म्हणजे सुनावणीत ती वही उघडू नये, एवढंच कोणाला तरी पाहिजे होतं."

पोरगा हुशार आहे, हे मला कबूल करावं लागलं. तेवढ्यात गॅलरीतून हिंदुराव ओरडला, "चा आला." खालच्या टपरीवरून किटली दोरीने वर ओढायची त्याची जुनी सवय. बत्तीस वर्षं लाईनमन होता, आता आमच्याकडे खेडी फिरतो. किटली वर आली की दोरीच्या शेपटाला एक झटका देऊन तो ती सोडवतो आणि प्रत्येकाचा कप स्वतः भरतो. माझ्या कपात साखर कमी घालायचं तो विसरत नाही.

दुसरी गुलनाज. ती कुंभारीतच राहते आणि बायकांच्या बैठका घेते. बहिणीच्या साखरपुड्याला मी तिला सुनावणीमुळे एकाच दिवसाची रजा दिली होती, तेव्हापासून तिचं बोलणं हो-नाही एवढ्यावर आलं होतं.

"रजेपायी वही चोरीन काय मी? आठ दिवस तुमच्याशी बोलले न्हाय, तेवढं बास हाय की."

"मग कोणी घेतली असेल?"

"ते मला ठाऊक न्हाय." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण एक सांगते, राग नका धरू. मागच्या बैठकीत आपला वर्षाचा तक्ता वाचून दाखवला मी. बजाबाई म्हणाली, भोगीच्या दिवशी सांजच्याला लाईट गेली असं कसं लिवलंय? तिच्या नातीचं, संस्कृतीचं बारसं होतं त्या दिवशी. दारात लाईटची माळ लावलेली, टेप चालू. म्हणाली, येकदाबी लाईट गेली न्हाय."

"त्या दिवशी कळवलं कोणी होतं?"

"लालबीनं," गुलनाज म्हणाली. "बजाबाईच्या भिंतीला भिंत लागून घर हाय तिचं. दोघींची तार येकाच खांबावरनं येती."

३

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी मोईनच्या कॉम्प्युटरपाशी बसले. एकाच खांबावरची दोन घरं. वीज गेली तर दोघींची जाणार, राहिली तर दोघींची राहणार. अर्थात बजाबाई प्रत्येक वेळी मिस्डकॉल देईलच असं नाही, म्हणून मी वस्तीतली बाकीची दहा घरंही बघितली. लालबीने कळवलेल्या एकेका तारखेसमोर दुसरं एक तरी घर आहे का, हे तपासत गेले.

वस्तीच्या एकूण नोंदी एकशे एकोणनव्वद. त्यातल्या अठ्ठावन्न संध्याकाळी अशा होत्या की बारा घरांपैकी फक्त लालबीच्या घरी अंधार होता.

तिच्या घरातलं वायरिंग बिघडलेलं असू शकतं, असं मला आधी वाटलं. पण बिघडलेलं वायरिंग वार बघून बिघडत नाही. अठ्ठावन्नमध्ये एकही रविवार नव्हता. मार्चमध्ये मी दहा दिवस पुण्याच्या बैठकीला होते. त्या दहा दिवसांतही एक नोंद नव्हती. मी परत आले त्या संध्याकाळी, सात वाजून पाच मिनिटांनी, लालबीची वीज गेली.

शेवटचा रकाना होता नोंद कोणी घेतली याचा. रविवारी मोईन असतो. मी पुण्यात होते तेव्हा हिंदुराव होता. आणि अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न नोंदींसमोर एकच अक्षर होतं. भु.

हा तक्ता कोणाही शहाण्या माणसापुढे ठेवला असता तर त्याने एकच निष्कर्ष काढला असता. बाईंनी केस जिंकायला खोट्या नोंदी लिहिल्या, आणि उघडकीला येईल म्हणून वहीही बाईंनीच पळवली. मी चोर शोधत होते आणि सगळी बोटं माझ्याकडे वळत होती.

माझी बाजू घेऊन हे खोटं आहे असं कोण म्हणेल, याचा मी विचार केला. एकही नाव सुचलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

४

चार वाजता पुन्हा चहा आला. हिंदुरावने किटली वर ओढली, दोरीच्या शेपटाला झटका दिला आणि गाठ एका हिसक्यात सुटली.

मी सकाळी हेच बघितलं होतं, फक्त दोरीच्या जागी सुती दोरा होता.

"हिंदुराव, ही गाठ कुठली?"

"खांबावर हत्यारं वर घ्यायची. वजन असंल तर हालत न्हाय, आन शेपूट वडलं की मोकळी. वर येका हातानं खांब धरलेला असतोय, दुसऱ्याच हातानं सोडाय पायजे."

"मग कुंभारीच्या गाठोड्याला तुम्ही ती कशाला मारली?"

त्याने किटली खाली ठेवली. नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो खुंटीपाशी गेला, लाईनमनची ती जुनी चामड्याची पिशवी खाली घेतली आणि पकडी-स्क्रूड्रायव्हरच्या खालून वही काढून माझ्यापुढे ठेवली. दिवसभर ती माझ्या डोक्यापासून तीन हातांवर टांगलेली होती.

"गुलनाजनं बारशाचं मलाबी सांगितलं. म्हणून वही काढून बसलो," तो म्हणाला. "जलमभर लाईट गेल्या-आल्याच्या लॉगशीट भरल्यात मी, मॅडम. येका खांबावर दोन हिशेब असत न्हायत. पानं उलटत गेलो तर समदं तुमचंच अक्षर."

"आणि तुम्हाला वाटलं मी लिहिलं."

त्याने पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. "तुमी चांगल्यासाठीच केलं असंल, असं वाटलं. पण उद्या वीजवाल्यांचा वकील त्येंची लॉगशीट घिऊन येणार. दोनी शेजारी ठेवली की तुमचं नाव मातीत. वही हरवली तर निस्ती केस जाती. मी येकदा सायबाच्या धाकानं खोट्या शीटवर सही केलीया. बावीस वर्सं झाली. अजून त्यो सायब रस्त्यात दिसला की मीच मान खाली घालतो. तुमचं तसं व्हायला नको."

या माणसाने मला खोटारडी धरलं होतं आणि तरीही तो मला वाचवायला निघाला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा सोसायच्या ते मला कळेना.

"मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही, हिंदुराव. तिने फोनवर सांगितलं तेच लिहिलं."

तो खुंटीपासून वळला. मग म्हणाला, "लाईट गेलीच न्हाय, तर गेली म्हणून म्हातारी कशापायी सांगंल?"

"चला, गाडी काढा," मी म्हणाले.

५

वर्षभर मी लालबीशी बोलत होते. कुंभारीला बैठकांनाही जात होते, समाजमंदिरात खुर्चीवर बसून परत येत होते. तिचा उंबरा मी एकदाही ओलांडला नव्हता. धोरण करणाऱ्या माणसांना वस्ती दिसते, घर दिसत नाही. हे वाक्य मी भाषणांत नेहमी दुसऱ्यांबद्दल वापरत आले.

हिंदुराव बाहेर खांबापाशी थांबला. मी दार वाजवलं. लालबीने दार उघडलं, डोळे बारीक केले, पण मी "लालबी" म्हणताच आवाजावरून ओळखलं.

"या अल्ला. बेटी, तू? हितं?"

एक खोली, एक खाट, कोपऱ्यात स्टोव्ह. भिंतीवर नवऱ्याचा, चांदसाबचा फोटो आणि कुठल्याशा दुकानाचं कॅलेंडर. मी चारही भिंती बघितल्या. घड्याळ नव्हतं.

कट-कट मात्र चालू होतं, थेट माझ्या डोक्यावर. छताचा जुना पंखा प्रत्येक फेऱ्याला कुठेतरी घासत होता.

"हा पंखा असाच वाजतो?"

"लई दिवस झाले. डासांपायी बाराबी महिने लावती. बंद केला की घर लई गप होतं." ती स्टोव्ह पेटवायला वाकली. "चा घेशील न्हवं? साखर कमी, म्हाईत हाय मला."

मी खाटेवर बसले. ज्या संध्याकाळी मला घड्याळ ऐकू आलं होतं, त्या संध्याकाळी तिच्या घरी वीज होती. ज्या संध्याकाळी ऐकू आलं नव्हतं, तेव्हा ती खरोखर गेली होती. पुरावा रोज माझ्या कानात पडत होता आणि मी त्याला सेल घालायचा विचार करत होते.

"लालबी, लाईट असताना तू मिस्डकॉल का द्यायचीस?"

तिचा हात स्टोव्हवर थांबला. तिने लपवाछपवी केली नाही. त्या वयात तिला त्याचाही कंटाळा आला असावा.

"लाईट गेली तरच तू फोन करतीस की," ती म्हणाली. "लाईट हाय म्हणून कोण फोन करतंय? माझा ल्योक गुफरान पुण्याला गाडी चालवतो, ईदला फोन करतो. बजाबाई चांगली हाय, पण तिचं घर भरलेलं. सांज झाली की मला वाटायचं, बेटीचा आवाज आला तर बरं. मंग देयाची येक रिंग. तू इचारायचीस किती वाजता गेली. काय तरी सांगायची."

"रविवारी नाही द्यायचीस."

"रविवारी तुमचा तो पोरगा बोलतो. टाइम इचारून ठेवून देतो. आन पुण्याला गेलीस तवा कधी येणार ते तूच सांगितलं हुतंस." ती माझ्याकडे वळली. "तूबी लगेच ठेवत न्हवतीस, बेटी. मला वाटलं तुलाबी कोन न्हाय."

खरंच नव्हतं कोणी. रोज सातच्या सुमाराला मी टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढून घ्यायचे, आणि तो वाजला नाही तर मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. वस्तीची वीज गेली नाही म्हणून जिने खूश व्हायला हवं, ती कार्यक्रमप्रमुख त्या संध्याकाळी उदास होऊन घरी जायची. पडताळणी मी का केली नाही, याचं खरं कारण हे होतं.

मी तिला वहीचं समजावून सांगितलं. तिच्या नोंदींवर काय अवलंबून होतं, कोणाकोणाच्या घरी संध्याकाळची वीज येणार होती, हे सगळं. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"समद्यांचं वाटोळं केलं की गं मी."

"अजून नाही," मी म्हणाले. "उद्या अकरापर्यंत वेळ आहे."

चहा साखर कमी घालूनच होता.

६

सुनावणीत मी उभी राहिले आणि आमचीच वही पहिल्यांदा मीच फोडली. एकशे एकोणनव्वदपैकी अठ्ठावन्न नोंदी आम्ही मागे घेतो, असं सांगितलं. प्रत्येक पानावर लाल शाईने खूण केली होती. मागे घेण्याचं कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या सगळ्या माझ्या अक्षरात आहेत. दुसऱ्या घराशी ताडून न बघता मी लिहिल्या. चूक माझी आहे." लालबीचं नाव मी घेतलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

वीजकंपनीच्या वकिलाने हातातल्या कागदांकडे बघितलं. वरच्याच पानावर त्याने पिवळ्या रंगाने तारखा रंगवल्या होत्या, त्यातली भोगीची मला लांबूनही वाचता आली. अख्खी वही खोटी ठरवायला तो आला होता. आता उरलेल्या एकशे एकतीस नोंदी त्याच्याच लॉगशीटशी जुळत होत्या. त्याने कागद फाइलमध्ये ठेवले आणि खाली बसला. मागच्या रांगेत हिंदुरावने पहिल्यांदा पाठ टेकली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. अठ्ठावन्न धरून कुंभारी पहिली आली असती, ती तिसरी आली. चौथ्या वस्तीपेक्षा फक्त नऊ नोंदी जास्त होत्या. गुलनाज वसाहतीत पेढे वाटून आली आणि माझ्याशी पहिल्यासारखी भांडायला लागली.

फुकट काही सुटत नाही. माझी कबुली पेपरात छापून आली होती. पुण्याहून विश्वस्तांचा फोन आला. ते सौम्यपणे बोलले, तेच जास्त लागलं. पद मला ठेवू दिलं, पण संध्याकाळचा फोन मोईनकडे द्या, म्हणाले. ते बरोबरच होतं, म्हणून मी वाद घातला नाही. मोईनने पहिल्याच दिवशी नियम केला की दोन घरांनी कळवल्याशिवाय नोंद नाही.

आता सहा वाजता मला ऑफिसात काही काम नसतं. यादी लागली त्या दिवशी मी साखर पेठेत परत आले, दिवा लावला, भात टाकला. आईच्या खुर्चीवर पर्स ठेवली. खिडकीतून समोरच्या यंत्रमागांचा खडखडाट येत होता, म्हणजे वीज सगळीकडे होती.

सात वाजून पाच मिनिटांनी माझा स्वतःचा मोबाईल एकदा वाजला आणि बंद झाला. कुंभारीहून निघताना चहाच्या कपाखाली मी कागदावर तो नंबर लिहून ठेवला होता. पंधरा दिवस तो वाजला नव्हता. तिने लाज धरली असावी.

मी उलट फोन लावला. मागे पंखा कट-कट करत होता.

"लाईट आहे का?"

"हाय की."

"मग?"

"कायबी न्हाय," लालबी म्हणाली. "जेवलीस का बेटी?"

मी गॅस बारीक केला आणि आईच्या खुर्चीवरची पर्स उचलून तिथे बसले.

"अजून नाही," मी म्हणाले. "तू सांग, आज काय केलंस?"